विषय: शनिवारचं सार फुटतंय, गुरुवारी खरेदी आहे

मंडळी, काल नमुन्याला दोन लिटर करून पाहिलं. नारळाचं दूध पडताच सगळं चोथापाणी. टोमॅटो या वेळी डब्यातले होते, एवढाच काय तो फरक. ६० पानं आहेत. शिवाय गणपतीत नेलेलं मोठं पातेलं अजून परत आलेलं नाही.
— स्वयंपाक समिती

> टोमॅटो या वेळी डब्यातले होते

लेबल वाचा. बऱ्याच डब्यांत सायट्रिक ॲसिड घातलेलं असतं. पण खरा घात उकळीचा. आंबट रसात दूध उकळलं की त्यातली प्रथिनं गोठतात, तेल वेगळं होतं. म्हणून टोमॅटो, मीठ, गूळ, फोडणी सगळं आधी उकळून घ्या, गॅस बंद करा, वाफ जरा बसू द्या. दुधात दोन-तीन डाव गरम सार घालून ते कोमट करा आणि मग पातेल्यात ओता. लिटरला एक सपाट मोठा चमचा तांदळाची पिठी गार पाण्यात कालवून टोमॅटोच्या रसातच शिजवली तर सार धरून राहतं.

माणशी १५० मिली म्हणजे ९ लिटर. टोमॅटोचे ४०० ग्रॅमचे १५ डबे, नारळाच्या दुधाचे ४०० मिलीचे ५, गूळ २०० ग्रॅम. पाणी गाळून झाल्यावर बघून घाला, दोनेक लिटर लागेल. दुधाचा ‘लाइट’ डबा नको, ते नुसतं पाणी असतं.

एवढा खटाटोप कशाला? चमचाभर सोडा टाका, आंबटपणा जातो.

सोडा अजिबात नको! भसकन फेस येतो आणि जरा जास्त झाला की साबणाची चव. गुळाने आंबटपणा झाकला जातो, तेवढा पुरे.

फोडणी तुपाचीच ना? मागच्या वेळी काय झालं ते सगळ्यांना आठवत असेलच.

दोन कढल्या करा. तूप-जिऱ्याची एक, तूप न खाणाऱ्यांसाठी तेलाची एक, दोन्हींत कढीपत्ता आणि सुकी मिरची. नऊ लिटरचे दोन भाग करून वेगवेगळी फोडणी द्या आणि झाकणावर चिठ्ठी लावा. हिंग बिनगव्हाचा आहे का तेही पाहा, बहुतेक डब्यांत गव्हाचं पीठ असतं.

आमसुलाचं केलं तर?

६० माणसांना? विषय सार फुटण्याचा चाललाय. नवा पदार्थ समितीला विचारून.

हॉलवर कोण बघणार? इथल्या, म्हणजे ब्रिटनच्या, नियमाप्रमाणे गरम अन्न ६३ अंशांच्या वर ठेवायचं. पण मागे कोणीतरी बटण पूर्ण फिरवून जातं, उकळी येते आणि सार तिथे फुटतं. ७० ला ठेवा, थर्मामीटर आत सोडा, डाव तळापासून फिरवा.

पातेलं आमच्या गॅरेजात आहे. पण ते ॲल्युमिनियमचं. टोमॅटोने धातूची चव उतरते, गूळ घालूनही झाकली जात नाही. स्टीलची दोन, प्रत्येकी ८ लिटरची, कोणाकडे आहेत?

एक माझ्याकडे. झाकण नाही.