पन्हळीत साचणारा पाचोळा: जाळी बसवावी का?

प्रश्न (सातारा)

नमस्कार. आमचे घर साताऱ्याच्या जुन्या पेठेत आहे. पुढचा भाग मंगलोरी कौलांचा असून मागे वडिलांनी नंतर वाढवलेल्या दोन खोल्यांवर पत्रा आहे. कौलांचा आणि पत्र्याचा उतार जेथे एकमेकांना मिळतात, तेथे सुमारे ३० फूट लांबीची जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पन्हळ आहे आणि तिच्या एका टोकाला तीन इंची पाइप आहे. दोन्ही उतार मिळून साधारण ७०० चौरस फुटांचे पाणी या एकाच पन्हळीत येते. ती घराच्या मधल्या भिंतीवर असल्यामुळे तुंबली की पाणी बाहेर न सांडता थेट माजघरात उतरते.

शेजारच्या आवारात एक जुनी चिंच आणि एक पिंपळ आहे. दर वर्षी मे महिन्यात कौले चाळून (म्हणजे काढून, झाडून पुन्हा नीट बसवून) घेतो, त्याच वेळी पन्हळही साफ करतो. तरीही गेल्या आषाढात यवतेश्वराच्या बाजूने पावसाची मोठी सर आली आणि रात्री आईचे अंथरूण उचलून पुढच्या खोलीत न्यावे लागले. सकाळी पाहिले, तर पाइपाच्या तोंडाशी पाचोळ्याचा काळा लगदा बसला होता. दुकानदार संपूर्ण पन्हळीवर प्लास्टिकची जाळी बसवा असे सांगतात. ज्यांनी अशी जाळी वापरली आहे, त्यांनी कृपया आपला अनुभव सांगावा.

प्रतिसाद १ (सांगली, विश्रामबाग)

आम्ही अशी जाळी बसवली होती आणि दोन पावसाळ्यांनंतर काढून टाकली. आमच्याकडे गुलमोहर आणि चिंच आहे. या दोन्ही झाडांची पर्णिका इतकी बारीक असते की ती जाळीच्या भोकांतून सहज खाली जाते, तर देठ आणि काटक्या वर अडकतात. पहिल्या दोन-तीन सरींत त्यांची जाळीवर गोधडीसारखी परत तयार झाली आणि पाणी पन्हळीत न पडता तिच्यावरूनच भिंतीकडे वाहू लागले. खाली गेलेल्या पर्णिकांचा गाळ झाला तो वेगळाच, आणि तो काढण्यासाठी संपूर्ण जाळी सोडवावी लागली. म्हणजे ज्या कामातून सुटका व्हावी म्हणून खर्च केला, ते काम दुप्पट झाले. आंबा किंवा फणस यांसारखी मोठ्या पानांची झाडे असतील आणि पन्हळ घराबाहेरच्या वळचणीला असेल, तर जाळी उपयोगी पडते; आपल्या मधल्या पन्हळीवर मात्र ती बसवू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

त्याऐवजी पाइपाच्या तोंडावर फक्त तारेची घुमटासारखी उभी जाळी बसवावी. सपाट जाळीवर एक पान आडवे पडले तरी तोंड झाकले जाते. घुमटाला खालून पाने चिकटली तरी वरच्या भागातून पाणी जात राहते.

दुसरी गोष्ट वेळेची. पिंपळाची बहुतेक पाने फाल्गुनाच्या सुमारास गळतात, त्यामुळे आपली मे महिन्यातील सफाई त्यांच्यासाठी पुरेशी आहे. परंतु मे अखेरच्या वळवाचा वारा आसपासच्या गच्चीवरचा आणि कौलांच्या खाचांतला सगळा पाचोळा पुन्हा पन्हळीत आणून टाकतो. चिंचेचा मोहोरही पावसाळ्याच्या तोंडालाच झडतो आणि तो पर्णिकांपेक्षाही चिकट बसतो. म्हणून मृगापूर्वी एकदा, पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच एकदा आणि पुढे आषाढ-श्रावणात दर आठवड्याला नजर टाकणे, असा क्रम आम्ही ठेवला आहे. शेवटची सफाई परतीचा पाऊस संपल्यावर करावी, कारण ओला पाचोळा तसाच राहिला तर त्याखालचा पत्रा सतत दमट राहून जस्ताचा थर जातो आणि गंज धरतो.

प्रतिसाद २ (वाई)

मी बांधकामाच्या व्यवसायात बरीच वर्षे काम केले आहे. आपण दिलेल्या मापांवरून मला पाचोळ्याइतकीच शंका पाइपाची येते. ७०० चौरस फूट म्हणजे सुमारे ६५ चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाऊस पडला की ६५ लिटर पाणी होते, आणि तासाला ३० मिलिमीटर वेगाने पाऊस झाला तर तासाभरात जवळजवळ दोन हजार लिटर. हे सारे एका टोकाच्या तीन इंची पाइपातून जायचे असेल, तर मूठभर पानेही पुरेशी ठरतात. शक्य असल्यास दुसऱ्या टोकालाही पाइप काढावा आणि दोन्ही चार इंची ठेवावेत. ११० मिलिमीटरच्या पाइपाचे तोंड ७५ मिलिमीटरच्या पाइपापेक्षा क्षेत्रफळाने दुपटीहून अधिक असते. खाली वळणावर साध्या एल्बोऐवजी डोअर बेंड बसवावा, म्हणजे झाकण उघडून अडकलेला कचरा काढता येतो.

उतार तपासण्यासाठी पन्हळीत बादलीभर पाणी ओतून पाहावे. दर १० फुटांना साधारण एक सेंटिमीटर उतार असावा. जेथे पाणी थांबते, तेथेच गाळ बसतो.

यापेक्षाही महत्त्वाचे म्हणजे पन्हळीच्या बाहेरच्या टोकाच्या आडव्या पत्र्याला, काठापेक्षा दीड-दोन इंच खाली, जादा पाणी बाहेर टाकणारे एक रुंद तोंड कापून घ्यावे. पाइप पूर्ण तुंबला तरी पाणी घरात न येता त्या तोंडातून अंगणात पडेल, आणि पडणारे पाणी दिसताच पाइप तुंबल्याचे आपल्याला कळेल. भिंतीच्या डोक्यावरून जाणाऱ्या पन्हळीला हे तोंड नसणे मी सदोष बांधकाम मानतो.

प्रतिसाद ३ (कराड)

कृपया कौलांवर चढून सफाई करू नये. ओल्या कौलावर शेवाळ असते आणि जुने कौल पायाखाली फुटते. शिडी लावताना दर चार फूट उंचीला एक फूट या प्रमाणात तिचा पाया भिंतीपासून दूर ठेवावा, खाली एक माणूस धरायला असावा, आणि विजेची सर्व्हिस वायर जवळ असेल तर लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची शिडी वापरूच नये. तुंबलेल्या पन्हळीत डेंग्यू पसरवणारे डासही वाढतात. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळे वर सुचवलेली आठवड्याची पाहणी त्या दृष्टीनेही योग्य आहे.

प्रश्नकर्ता (सातारा)

सर्वांचे मनापासून आभार. आज बादलीने पाणी ओतून पाहिले. पन्हळ मध्यभागी खचलेली असून सुमारे आठ फूट लांबीत बोटभर पाणी तसेच राहते. जाळीचा विचार सोडला आहे. जादा पाण्याचे तोंड या आठवड्यातच कापून घेतो आणि दुसरा पाइप मे महिन्यात कौले चाळताना बसवतो. शेजाऱ्यांशीही बोललो. झाडे तोडावीत असे आम्हा दोघांनाही वाटत नाही. फक्त पत्र्यावर आलेली चिंचेची एक फांदी छाटायची आहे, आणि १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्यामुळे त्यासाठी नगरपालिकेकडे आधी अर्ज देणार आहोत. एक विचारायचे राहिले: पन्हळीच्या सांध्यात पिंपळाचे वीतभर रोप उगवले आहे, ते उपटावे की कापावे?

प्रतिसाद २ (वाई)

कापल्यास ते पुन्हा फुटेल आणि जोराने ओढल्यास सांधा उघडेल. रोप लहान आहे तोवर सांध्यातील जुने सीलंट खरवडून मूळ पूर्ण मोकळे करावे, हलक्या हाताने काढावे आणि सांधा कोरडा झाल्यावर नव्याने भरून घ्यावा. मूळ भिंतीत शिरलेले दिसल्यास तेवढा गिलावा फोडून ते शेवटपर्यंत काढावे लागेल. हे काम पावसाळ्यापर्यंत लांबवू नये.