कायदा आहे, पण घरातली बंदूक काढून घेणार कोण?

बायकोला मारहाण करणाऱ्याकडची बंदूक काढून घ्यावी असं म्हटलं, की 'मारायचंच असेल तर चाकूनेही मारेल' असं कुणीतरी म्हणतं. मला हे अजिबात पटत नाही. समोर चाकू असला तर बाईला दाराकडे धावायला, शेजाऱ्यांना हाक मारायला निदान क्षणभर तरी मिळतो. शिवाय बंदूक दरवेळी झाडावी लागतेच असं नाही. जेवणाच्या टेबलावर ताटाशेजारी नुसती आणून ठेवली, तरी घर गप्प होतं.

अमेरिकेत घरातल्या मारहाणीबद्दल दोषी ठरलेल्यांना १९९६ च्या कायदा-दुरुस्तीनंतर बंदूक बाळगता येत नाही. जोडीदाराला वाचवण्यासाठी कोर्टाने ज्यांच्याविरुद्ध संरक्षण आदेश काढलाय, त्यांच्यावरची बंदीही सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्ये रहिमी खटल्यात ८ विरुद्ध १ अशी उचलून धरली. खरी मेख अंमलबजावणीत आहे. २०१७ मध्ये टेक्सासमधल्या सदरलंड स्प्रिंग्जच्या चर्चमध्ये गोळीबार करणाऱ्याला बायको आणि तिच्या लहानग्याला मारल्याबद्दल लष्करी कोर्टाने आधीच शिक्षा केली होती. तो ज्यात नोकरीला होता त्या हवाई दलाने ती नोंद, बंदूक विकण्याआधी गिऱ्हाइकाची पार्श्वभूमी तपासणाऱ्या एफबीआयकडे पाठवलीच नाही, आणि त्याला दुकानात सरळ बंदूक मिळाली! म्हणून माझं म्हणणं, संरक्षण आदेश निघेल त्याच दिवशी पोलिसांनी घरी जाऊन हत्यार ताब्यात घ्यावं. बाई घर सोडते तेव्हाचे दिवसच तिच्यासाठी सगळ्यांत धोक्याचे असतात.