आजोबांच्या डब्यात १७८० चं नाणं सापडलं, ही बाई कोण?

पूर्वभागवाला:
नमस्कार मंडळी, दिवाळीची साफसफाई करताना आजोबांच्या पानाच्या डब्यात एक भलंमोठं चांदीचं नाणं निघालं. एका बाजूला डोक्यावर पदर घेतल्यासारखी जाड बाई, मागं दोन तोंडांचा गरुड आणि साल १७८०. आजोबा मुंबईला गोदीत होते. सराफ म्हणला चांदी आहे, पुढचं मला विचारू नका. गुगल म्हणतंय ऑस्ट्रियाची मारिया थेरेसा. शाळेत आपण ऑस्ट्रिया-हंगेरी फक्त पहिल्या महायुद्धापुरतं वाचलं, एवढं मोठं राज्य होतं तर गेलं कुठं ओ? आणि बोलायचे काय तिथं?

नाणीवेडा:
मालक, साल बघून उड्या मारू नका 😀 बाई १७८० ला वारली, पण अरबस्तान-इथिओपियातले व्यापारी हाच चेहरा ओळखायचे, म्हणून पुढं दीडदोनशे वर्षं तेच साल टाकून नाणी पाडत राहिले. १९४०-४१ ला तर मुंबईच्या टांकसाळीत पाडलीत, इटलीविरुद्धच्या आफ्रिकेतल्या लढाईसाठी इंग्रजांना लागत होती. तुमचं त्यातलंच असेल असं नाही, पण वजन करा, २८ ग्रॅम भरायला पाहिजे.

जुनी_पेठ:
त्यावरची लॅटिन अक्षरं वाचा, अख्खी स्टोरी तिथंच आहे. हंगेरी आणि बोहेमियाची (म्हणजे चेक लोकांचा मुलूख) राणी, ऑस्ट्रियाची आर्चडचेस (तिथली मोठी सरदारकीची पदवी), टायरोलची काउंटेस... म्हणजे हा एक देश नव्हताच, हॅब्सबर्ग घराण्याच्या नावावरचे वेगवेगळे सातबारे होते. १५२६ ला मोहाचच्या लढाईत हंगेरीचा राजा तुर्कांपुढं मेला, त्याला पोरबाळ नाही, मग मेहुणा फर्डिनांड पुढं आला आणि बोहेमिया-हंगेरी घरात आलं (हंगेरीचा बराच भाग तुर्कांनी दाबला ते वेगळं). नाण्यावरच्या या मारिया थेरेसाच्या बापाला तर मुलगाच नव्हता, १७१३ ला त्यानं मुलीच्या नावानं वारसा चालेल असा कायदा केला, सगळ्या राजांच्या सह्या गोळा करत फिरला, आणि १७४० ला तो गेल्या गेल्या प्रशिया नावाच्या शेजारच्या जर्मन राज्यानं तिचा सायलेशिया प्रांत घेतला. सह्यांना काय किंमत असते ते आपल्याकडं कुठल्याही भाऊबंदकीत बघायला मिळतंय.

पूर्वभागवाला:
भारी! आणि भाषा?

अक्कलकोट_रोड:
अकरा तरी. जर्मन, हंगेरियन, चेक, पोलिश, रोमानियन, क्रोएशियन वगैरे वगैरे. आपल्याकडं घरात तेलुगू, दुकानात मराठी, सासुरवाडीला कन्नड चालतंय ना, तसंच ते, फक्त तिथं नोकऱ्या त्यावर ठरायच्या. सैन्यात हुकूम जर्मनमध्ये, साधारण ऐंशी शब्द सगळ्यांना पाठ, बाकी पलटणीत शिपायांची जी भाषा ती ऑफिसरनं शिकायची. ही युक्ती मला फार आवडते. पण १८९७ ला बादेनी नावाच्या पंतप्रधानानं बोहेमियातल्या कारकुनांना चेक आणि जर्मन दोन्ही आलं पाहिजे असा आदेश काढला, तर जर्मनवाल्यांनी संसद बंद पाडली, रस्त्यावर दंगे, बादेनी घरी.
तोवर वाटणी झाली होतीच. १८६६ ला प्रशियाकडून मार खाल्ला आणि १८६७ ला हंगेरीची चूल वेगळी. सैन्य, परराष्ट्र आणि त्यांचा खर्च तेवढा सामाईक. चेकांना असं काही मिळालं नाही, ते धुमसत राहिले. सम्राट फ्रान्झ जोसेफ ६८ वर्षं गादीवर बसून १९१६ ला गेला, दोन वर्षात युद्ध हरले आणि ज्यानं त्यानं आपला तुकडा उचलला.

पूर्वभागवाला:
२८ ग्रॅम भरलं!! विकायचं नाही म्हणे, आईनं हळदकुंकू लावून देव्हाऱ्यात ठेवलंय, तिला लक्ष्मी वाटायलीय.