एकाच स्क्रीनच्या अवस्था दाखवायला कोणता डायग्राम?

मार्केटयार्ड_डेव्ह:
कोल्हापुरातल्या गूळ सौद्यांसाठी ॲप करतोय. अडत दुकानातला माणूस रवे (गुळाच्या ढेपा), वजन, दर भरतो आणि 'पाठवा' दाबतो. त्या एकाच स्क्रीनवर रिकामा फॉर्म, अर्धवट भरलेला, पाठवतोय, नोंद झाली, नाकारली आणि रेंज गेली, एवढं सगळं येतं. फ्लोचार्ट काढलाय, पण टेस्टर विचारतो, "पाठवत असताना परत बटण दाबलं तर?" त्याचं उत्तर चार्टात सापडत नाही. स्टेट, सिक्वेन्स, ॲक्टिव्हिटी यातलं काय घेऊ?

रंकाळा_यूएक्स:
स्टेट डायग्राम. फ्लोचार्टातला चौकोन म्हणजे कृती. ती संपली की पुढं जायचं. स्टेटमधला चौकोन म्हणजे स्क्रीन कशात थांबलीय ते, आणि बाण म्हणजे घटना. चौकोनात 'नोंद पाठवणे' लिहिलं की परत फ्लोचार्टच झाला, 'पाठवतोय' लिहा.

बाणावरचा क्रम: घटना [अट] / कृती. म्हणजे
भरतोय → पाठवतोय : पाठवा दाबलं [वजन > ० आणि दर > ०] / विनंती सोडा

बटण बंद करणं मात्र बाणावर नको. ते 'पाठवतोय'च्या आत प्रवेश-कृती (अवस्थेत शिरताच होणारी कृती) म्हणून लिहा, कारण 'पुन्हा पाठवा'चा बाणही तिथंच येतो आणि त्यावर ते लिहायचं हमखास राहतं.

शाहूपुरी_क्यूए:
भावा, 'रेंज गेली' ही फॉर्मची अवस्था नव्हे. फॉर्म अर्धा भरलेला असतानाही रेंज जाते. प्रत्येक अवस्थेची रेंज असलेली-नसलेली जोडी केलीत तर ६ चे १२ चौकोन होतील. संगणकशास्त्रज्ञ डेव्हिड हॅरेल यांनी १९८७ मध्ये स्टेटचार्ट (स्टेट डायग्रामचं वाढवलेलं रूप) मांडले ते हाच फुगारा टाळायला. एका मोठ्या चौकोनात तुटक रेघ मारा: एका बाजूला फॉर्म, दुसऱ्या बाजूला रेंज आहे/नाही, दोन्ही एकाच वेळी चालू. ६ अधिक २, काम झालं. मर्मेडमध्ये (मजकूर लिहून डायग्राम काढायचं साधन) ती रेघ दोन डॅशनी येते.

'रेंज गेली'च्या जागी सहावी अवस्था 'उत्तर आलं नाही' ही ठेवा. 'नाकारली'मध्ये ती घालू नका: नकार आला तर नोंद झालेली नाही हे पक्कं असतं, उत्तरच आलं नाही तर ती सर्व्हरवर झालेलीही असू शकते. माणूस परत दाबतो आणि तोच माल दोनदा चढतो.

हा घोटाळा फोन आणि सर्व्हरच्या मधला, म्हणून तेवढ्यापुरता एक सिक्वेन्स डायग्राम (कोण कोणाला काय पाठवतो ते क्रमानं दाखवणारा) काढा. फॉर्म उघडतानाच नोंदीला आयडी द्यायचा, पुन्हा पाठवताना तोच जायचा, सर्व्हरनं दुसऱ्यांदा पहिलंच उत्तर परत द्यायचं. आयडी बदलतो फक्त 'नवीन नोंद'वर.

टेस्टरसाठी डायग्रामसोबत तक्ता द्या. ओळीत ६ अवस्था. स्तंभात घटना: मजकूर बदलला, पाठवा दाबलं, होकार, नकार, उत्तराविना २० सेकंद झाले, मागे दाबलं. ३६ खाने. प्रत्येकात पुढची अवस्था, 'दुर्लक्ष' किंवा 'अशक्य'. 'पाठवतोय' × 'पाठवा दाबलं' इथं 'दुर्लक्ष' येईल. 'पाठवतोय' × 'मागे दाबलं' हा खाना ठरवायला वेळ लागेल, तो आजच मालकांसमोर ठेवा.

मार्केटयार्ड_डेव्ह:
मधेच लॉगिन संपलं तर? परत आल्यावर भरलेले आकडे तसेच हवेत.

रंकाळा_यूएक्स:
हिस्टरी स्टेट, म्हणजे आधी कुठल्या अवस्थेत होतो ते लक्षात ठेवणारी खूण. फॉर्मच्या मोठ्या चौकोनात गोलात एच काढा आणि लॉगिनवरून येणारा बाण तिथं टेकवा. पण एचला फक्त अवस्था आठवते. आकडे फोनमध्ये साठवायची कृती बाहेर जाणाऱ्या बाणावर वेगळी लिहावी लागेल. ॲक्टिव्हिटी डायग्राम या स्क्रीनला लागत नाही. अडत्या, व्यापारी आणि हिशेबनीस यांच्यात काम कसं फिरतं ते दाखवायचं असेल तेव्हा काढा.