सुट्टीवर आलेल्या जवानाचे पहिले आठ दिवस कोणाचे? (एक चर्चा; प्रत्येक मतावर लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

कृष्णाकाठ

मी फौजीची बायको. माझं मत आधीच सरळ मांडते. नवरा फौजेत आणि बायको-मुलं गावी, अशा संसारात सुट्टीचे पहिले आठ दिवस फक्त त्या घराचे असले पाहिजेत. पाहुणे, भाऊबंद, सातबाऱ्याची कामं, लग्नकार्यं, सगळं नवव्या दिवसापासून. आणि हे घरातल्या थोरांनी आपणहून म्हणावं. सुनेनं मागितलं की त्याचं भांडण होतं.

बाहेरची माणसं म्हणतात, जवानाला वर्षाला 60 दिवसांची वार्षिक सुट्टी, वर 30 दिवसांची कॅज्युअल लीव्ह, म्हणजे तीन महिने घरीच की! कागदावर खरं आहे. पण ती सुट्टी युनिटला परवडेल तेव्हा आणि तुकड्यातुकड्यांनी मिळते. दिवाळीला मागितलेली कधी संक्रांतीनंतर हातात पडते. जम्मूहून झेलम एक्सप्रेसनं निघालेला माणूस दोन रात्री गाडीत काढून पुण्याला उतरतो, तिथून पुढं एसटीनं कराड. दारात येतो तेव्हा अंगात त्राण नसतं, आणि सोप्यात आधीच आठ-दहा माणसं चहाला बसलेली असतात.

पुढं काय होतं ते सातारा-कराड पट्ट्यातल्या कुठल्याही फौजीच्या बायकोला विचारा. दुसऱ्या दिवशी सकाळीच चुलत्यांचा फोन, ‘कॅन्टीनला कधी जायचं?’ कॅन्टीन म्हणजे फौजींचं स्वस्त दुकान, माल कार्डावर, दारू ठरलेल्या कोट्यात. एकाला कुकर हवा, एकाला मिक्सर, आणि निम्म्या जणांना बाटली. माणूस अर्धा दिवस कॅन्टीनच्या रांगेत उभा. स्वतः थेंब न घेणाऱ्या ह्यांच्यावर, कोटा संपला म्हणून एक पाहुणे रुसून जेवणावरून उठलेले मी पाहिलेत. तिसऱ्या दिवशी बांधाचं प्रकरण निघतं, ‘आलाच आहेस तर मोजणी उरकून जा.’ रात्री मुक्कामाला माणसं असतात, मग पुरुषांच्या वाकळा सोप्यात आणि बायका माजघरात. नवरा-बायको एका छपराखाली असून बोलणं कधी होतं, तर मी मोरीत भांडी घासत असताना हे पाण्याची बादली द्यायच्या निमित्तानं आले तर. तेवढंच.

आणि पोरं. फोनवर बडबड करणारी लेक बाप समोर आला की माझ्या पदरामागं जाते. मुलाला बाप रुळायला सलग दिवस लागतात, गर्दीत ते होत नाही. ते दिवस सुरुवातीला दिले तर पुढची सगळी सुट्टी लेकराच्या अंगी लागते. नाहीतर ती मांडीवर बसायला लागते तोवर ट्रंक भरायची वेळ आलेली असते.

माणदेशी आई

पोरी, तुझी तगमग कळते, पण हिशोब पटत नाही. मी फौजीची आई आहे, म्हणून दुसऱ्या बाजूनं सांगते.

फौजीची बायको कायम गावातच राहते असं नाही. पीस पोस्टिंग, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणची नेमणूक, आली आणि क्वार्टर मिळालं की सून पोरांना घेऊन त्याच्याकडं जाते. माझी सून झाशीजवळच्या बबिना छावणीत राहून आली. तिथं तिच्या संसारात ना पाहुणे, ना सासू. मला त्याचा आनंदच होता. पण त्या सगळ्या काळात आम्ही दोघं म्हातारी इथं शेळ्या राखत बसलो होतो. त्याच्या बापाच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात शेजारचा पोरगा बसला. तेव्हा सुट्टीत लेक घरी आला की पहिल्या दिवसापासून तो माझाही आहे. नवव्या दिवसापासून नाही.

आणि ज्या माणसांना तू चहाला बसलेली गर्दी म्हणतेस, तीच माणसं रात्री-अपरात्री धावून येतात. फौजी सीमेवर असताना घर कोण राखतं? भावकीच. त्यांना आठ दिवस दार लावलं तर पुढच्या वेळी विंचू चावला म्हणून हाक मारायला तोंड उरतं का? गावात हे देणंघेणं असतं.

असगोली-शारजा

मला कृष्णाकाठ ताईंचं शंभर टक्के पटतं. आमच्याकडं फौज नाही, आखात आहे. गुहागर, दापोली, राजापूर, कुठल्याही गावात जा, घराघरातला एक जण दुबई नाहीतर कुवेतला.

आमच्या नशिबात पीस पोस्टिंग पण नसतं. अमिरातीत बायकोला न्यायचं तर नवऱ्याचा पगार किमान 4000 दिरहम हवा, किंवा 3000 आणि कंपनीचं घर. एसी मेकॅनिक, सुतार, ड्रायव्हर यांतले कित्येक तिथवर पोहोचत नाहीत, आणि पोहोचले तरी तिथलं भाडं भरून गावाला पैसे पाठवणं जमत नाही. म्हणजे वर्षाची 30 दिवसांची रजा हाच आमचा संसार. बरेच जण तीही साठवतात आणि दोन वर्षांनी एकदम येतात, कारण मे महिन्यात तिकीट परवडत नाही.

त्या 30 दिवसांत बॅग उघडायचा एक सोहळाच असतो. सगळ्या नणंदा, जावा, भाचरं गोल करून बसतात. कोणाला काय आणलं, कोणाला कमी आणलं. मी त्या वेळी स्वयंपाकघरात असते, मुद्दाम. माझ्यासाठी काय आणलंय ते मला सगळ्यांसमोर बघायचं नसतं. मावशी, तुमच्या शब्दाला मान देऊन विचारते, पाहुण्यांनी नवव्या दिवशी यायचं ठरवलं तर त्यांचं नेमकं काय जातं?

दर्याघर

मी दोन्हीकडून वेगळं म्हणते. नवरा मर्चंट नेव्हीत आहे. एकत्र राहायला हवं हे खरं, पण ते *पहिले* आठ दिवस नकोत.

माणूस बोटीवरून उतरतो तेव्हा तो आलेला नसतो, फक्त शरीर आलेलं असतं. चार तास वॉच (बोटीवरची पाळी), आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास वॉच, या घड्याळावर कित्येक महिने काढलेले असतात. रात्री तीनला उठून बसतो. स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा बदलतो. ‘हा हप्ता का भरला, गॅसवाल्याला जास्त का दिले’ म्हणून विचारतो. इतके महिने घर मी एकटीनं चालवलेलं असतं, गीझर बिघडला तरी आणि सासऱ्यांची शुगर उतरली तरी. त्याला वाटतं तो मदत करतोय, मला वाटतं माझ्या कामाची तपासणी चाललीय. आमची सगळ्यात मोठी भांडणं पहिल्या आठवड्यातली आहेत. त्या दिवसांत घरात चार माणसं असली की तोल राहतो. दीर येतो, मासळी आणतो, दोघं हसतात, माणूस हळूहळू माणसात येतो.

म्हणून माझं म्हणणं, पहिला आठवडा पाहुण्यांना देऊन टाका. मधले आणि शेवटचे दिवस आपले. बॅग भरायच्या आधीचा आठवडा आम्ही कोणालाही देत नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. आमच्याकडं तर दिवस मोजायला आयकर पण आहे. वर्षात 182 दिवस भारतात भरले की माणूस इथला निवासी धरला जातो आणि बाहेरच्या पगारावर कर लागू शकतो. त्यामुळे जायची तारीख डोक्यावर असतेच.

कृष्णाकाठ

दर्याघर ताई, पहिल्या आठवड्यातली भांडणं मलाही माहीत आहेत. पण ती भांडणं व्हायलाच हवीत, आणि एकांतात व्हायला हवीत. चार माणसांसमोर नवरा-बायको भांडत नाहीत, गिळतात. आणि ते गिळलेलं शेवटच्या आठवड्यात वर येतं.

दुसरं, शेवटचा आठवडा आपला म्हणायला तो हातात तर पाहिजे. 2025 च्या मे महिन्यात ऑपरेशन सिंदूरच्या वेळी सुट्टीवर आलेल्या जवानांना परत बोलावलं. अंगाची हळद न उतरलेली पोरं निघाली. कोणी तक्रार केली नाही, करणारही नाही, नोकरीच ती आहे. पण ज्यांनी ‘निवांत शेवटी बोलू’ म्हणून ठेवलं होतं त्यांचं बोलायचं राहून गेलं. तुमच्याकडं सुद्धा 2020 मध्ये जगभरात सुमारे 4 लाख खलाशी करार संपूनही बोटींवर अडकले होते ना? आपल्यासारख्यांनी पुढच्या तारखेवर भरवसा ठेवू नये. आज आलाय, तर आजचा दिवस घ्यावा.

आई, तुम्हाला एवढंच सांगते, मी सासू-सासऱ्यांना बाहेरचं धरत नाही. ते आठ दिवस त्यांचेही आहेत. माझ्या सासूबाईंनाही लेकाशी धड बोलायला मिळत नाही. त्या चुलीपुढं आणि मी मोरीत, आणि लेक कॅन्टीनच्या रांगेत. विंचवाच्या रात्री धावून येणारी भावकी वेगळी. तिला कोण दार लावतंय? पण जी माणसं फक्त कार्ड आणि कोटा बघून येतात, तीही त्याच नावाखाली आत शिरतात.

निवृत्त सुभेदार

28 वर्षं नोकरी केली, मराठा लाइट इन्फंट्रीत. दोन्ही बाजू वाचल्या. मला कामाचं बोलायचं आहे.

सुट्टी खाणारी खरी गोष्ट पाहुणे नव्हेत, कचेऱ्या आहेत. आमच्या काळात निम्मी सुट्टी तलाठी, मोजणी आणि तारखांना गेली. हे टाळता येतं, पण तरुण पोरांना कोणी सांगत नाही. जवानाची कोर्टात केस असेल आणि तो युद्धाच्या किंवा सरकारनं ठरवलेल्या खास परिस्थितीत ड्युटीवर असेल, तर इंडियन सोल्जर्स लिटिगेशन ॲक्ट, 1925 खाली सुनावणी पुढं ढकलण्याची तरतूद आहे. जमिनीच्या वादात युनिटच्या कमांडिंग ऑफिसरकडं अर्ज दिला की जिल्हाधिकाऱ्यांना पत्र जातं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय पाठपुरावा करतं. काम लगेच होईल असं नाही, पण रांगेत उभं राहायला सुट्टी जाळावी लागत नाही. आणि फील्ड पोस्टिंग, म्हणजे कुटुंब नेता येत नाही अशा सीमेकडच्या ठिकाणी नेमणूक, असेल तर कुटुंबासाठी वेगळी फॅमिली क्वार्टर्स असतात, त्यासाठी अर्ज करा. वाट बघावी लागते, पण अर्जच केला नाही तर नंबर कुठून लागणार?

आता कृष्णाकाठ, एका गोष्टीत मी तुमच्या विरुद्ध आहे. फील्डमधून आलेल्या माणसाला पहिले दिवस बोलायचंच नसतं. मी सियाचीनवरून आलो तेव्हा पारावर जुन्या मित्रांत नुसता बसून राहायचो. कोणी काही विचारायचं नाही, तंबाखू मळायचे. बायको विचारायची, ‘तिकडं काय झालं, सांगा ना.’ मला सांगता यायचं नाही. तिला वाटायचं मी टाळतोय. दोघांना एका खोलीत आठ दिवस दिले म्हणजे मन मोकळं होतंच असं नाही. त्याला पारावरचे दोन तास लागतात. ते काढून घेऊ नका.

गुरुजी, सांगोला

आम्ही दोघं शिक्षक, वेगवेगळ्या जिल्हा परिषदांत. पती-पत्नी एकत्रीकरणाचा विशेष संवर्ग बदल्यांत आहे. दोघांच्या शाळांमध्ये 30 किलोमीटरपेक्षा जास्त अंतर असलं की अर्ज करता येतो. पण तो जिल्ह्याच्या आतला खेळ. जिल्हा ओलांडायचा म्हणजे आंतरजिल्हा बदली, रिक्त जागा आणि बिंदूनामावली (आरक्षणानुसार जागांची यादी). मुलगा शनिवारी रात्री आईकडं असतो की बाबांकडं, हे त्याच्या वर्गशिक्षिकेला पाठ झालंय.

माझा मुद्दा छोटा आहे. ‘हे दिवस आपले’ असा नियम केला की त्या दिवसांवर फार ओझं येतं. आमच्याकडं रविवार फक्त तिघांचा होता. मुलाला ताप आला, पाऊस आला, की सगळा आठवडा वाया गेल्यासारखी दोघं चिडायचो. आता रविवारी बहीण आली तर येऊ दे म्हणतो. मुलगाही आत्याच्या पोरांत रमतो. नियम नसलेलाच बरा.

असगोली-शारजा

गुरुजी, तुमचा रविवार पुढच्या आठवड्यात पुन्हा येतो. आमचा दोन वर्षांनी येतो. ज्याच्याकडं भरपूर आहे त्याला नियम नको वाटतो, आमच्यासारख्यांना नियमाशिवाय काहीच मिळत नाही. न मागता पहिला वाटा नणंदेला जातो, दुसरा दिराला, आणि मी वाढत राहते.

माणदेशी आई

सुभेदार साहेबांनी कचेऱ्यांचं सांगितलं ते लई बरं केलं. मी लेकाला आजच फोनवर सांगते, मोजणीचा अर्ज युनिटमधूनच पाठव म्हणावं.

पोरी, चुलीपुढं मी आणि मोरीत तू, हे तू लिहिलंस ते मात्र खरं आहे. लेक आला की मी त्याला दोन वेळा ताट वाढते आणि झोपायला जाते, बोलणं व्हायचं राहतंच. तरी एक सांग. आमचं कुलदैवत शिखर शिंगणापूर. लेक आला की पहिल्या सोमवारी देवाला जायचं, ही माझ्या सासूपासूनची रीत आहे, आणि जाताना जीप भरून भावकी येते. तुझ्या आठ दिवसांत ते बसतं का नाही?

कृष्णाकाठ

बसतं, आई. पहिल्याच सोमवारी जायचं. पण सुमो करायची, घरचीच माणसं, तुम्ही पुढं खिडकीपाशी, मी आणि पोरं मागं ह्यांच्याजवळ. भावकीची जीप पुढच्या सोमवारी. आणि कुकर-मिक्सरवाल्यांना माझा नंबर द्यायचा, बायकोच्या नावानंही कार्ड असतं, महिन्यातून एकदा मी स्वतः जाऊन आणून देईन. बाटली मात्र कोणालाच आणणार नाही.

सुभेदार काका, पारावरचे दोन तास तुमचे, कबूल. पण तिन्हीसांजेला घरी पाठवायचं.