प्रतिसाद: महागडे उपचार सोडा, निदानाचं बघा

'डोळ्यांच्या आजारांसाठी जनुकं, डीएनए वापरणारं हे रेणवीय तंत्रज्ञान श्रीमंतांची चैन, कोकणात त्याचं काय?' असं एकाने म्हटलंय. ते जनुक-उपचारापुरतं (सदोष जनुकाचं काम करायला चांगलं जनुक पेशींत सोडणं) पटतं. आरपीई६५ या एकाच जनुकातल्या दोषाने नजर जाते त्यावरच्या लक्सटर्ना या जनुक-उपचाराला २०१७ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली आणि दोन डोळ्यांची किंमत लागली साडेआठ लाख डॉलर! पण निदानाचं काय?

आमच्या संगमेश्वराकडे भातकापणीत डोळ्याला पातं लागतं, बुबुळावर पांढरं दिसायला लागतं, की लोक मेडिकलमधून मिळतील ते थेंब घालतात. (त्यात स्टेरॉइड असलं तर बुरशीचं फावतंच.) अशा जखमेत बऱ्याचदा बुरशी असते, पण कधी पिथियम हा पाण्याचिखलातला जीवही निघतो. सूक्ष्मदर्शकाखाली तो बुरशीसारखाच दिसतो. मात्र बुरशीवरची बहुतेक औषधं बुरशीच्या पेशीपटलातल्या ज्या एर्गोस्टेरॉल या घटकावर मारा करतात ते पिथियमच्या पेशीपटलात जवळजवळ नसतंच, त्यामुळे नाटामायसिन या बुरशीवरच्या थेंबांना तो सहसा दाद देत नाही. त्याच्यावर लिनेझोलिड, अझिथ्रोमायसिन ही जिवाणूंवरची औषधं वापरतात. म्हणजे आधी नेमकी ओळख हवी. पण कल्चरला (प्रयोगशाळेत जीव वाढवून ओळखायला) बरेच दिवस जाऊ शकतात. बुबुळाच्या खरवडीचं पीसीआर (डीएनएच्या असंख्य प्रती काढून तपासणं) केलं तर डीएनएवरून लवकर ओळख पटते. कोविडात पीसीआरची यंत्रं रत्नागिरीपर्यंत आलीच आहेत. प्रायमर (हवा तोच डीएनए हेरणारे छोटे तुकडे) वेगळे लागतील, आणि खरवड घेणारा हात सरावलेला हवा.