कुंडीतील टोमॅटोची फुलगळ

प्रश्न (लातूर): गच्चीवर शेतातील काळी माती भरलेल्या 12 इंची कुंड्यांत टोमॅटो लावले असून एप्रिल लागल्यापासून फुले देठासकट गळत आहेत. खत कमी पडत असेल का?

उत्तर (परभणी): खताचा दोष नसावा. दिवसाचे तापमान 35 अंशांच्या वर गेले की परागकण निकामी होऊ लागतात आणि फळ धरत नाही. दुपारी हिरवी जाळी बांधावी. खरे तर उन्हाळ्यात भेंडी, गवार बरी.

उत्तर (नांदेड): निव्वळ काळी माती भरू नये, कारण ती वाळली की कडेने भेग पडते आणि घातलेले पाणी मुळांना न भिजवता थेट खाली निघून जाते. माझ्या लिंबाची हीच गत झाली होती. निम्मी माती, बाकी शेणखत आणि कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) घ्यावे.

प्रश्नकर्ता: आत्ताच पाहिले, भेग बोटभर आहे.